आपली मदत हृदयरोग्यापर्यंत उशिरा का पोहोचते?

मागच्या आठवड्यात एकाच दिवशी आमच्या मोबाईलवर तीन मेसेज आले. तिन्हींचा साचा एकच. अस्सलामु अलैकुम, अमुक मोहल्ल्यातील अमुक भाई, वय ५२, हार्ट अटॅक, आयसीयूत दाखल, अँजिओप्लास्टीसाठी दोन लाखांची तातडीची गरज, खाली क्यूआर कोड आणि शेवटी 'जास्तीत जास्त फॉरवर्ड करा'. रमजान जवळ आला की असे मेसेज वाढतात, कारण लोक जकातीचा हिशेब करायला बसलेले असतात. आम्ही तिघांनाही जमेल तेवढे पाठवले आणि पुढे फॉरवर्डही केले. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. हृदयाच्या आजारात पैसा ज्या घडीला खरा कामाला येतो, ती घडी असा मेसेज टाइप होण्याच्या आधीच निघून गेलेली असते.

आम्ही हे रत्नागिरी जिल्ह्यातून लिहीत आहोत. इथल्या मुस्लिम घरांत देण्याची सवय जुनी आहे. प्रत्येक गावाची जमात, तिची मुंबईतली शाखा, कुवेत-दुबई-सौदीतल्या मुलांचा ग्रुप. मशिदीचे छत, मदरशाची खोली, गरीब मुलीचे लग्न, वादळात उडालेले पत्रे, सगळ्याला पैसा उभा राहतो. दवाखान्यालाही राहतो. देणारे हात कमी आहेत अशी तक्रार आम्हाला करायचीच नाही. हा पैसा कुठे पडतो, याचा हिशेब कुणी मांडत नाही, ही आमची तक्रार आहे, आणि त्यात आम्हीही आलो.

आमच्या शाळेतून निवृत्त झालेले एक शिपाई आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. दीड वर्षापूर्वी फजरच्या नमाजला त्यांच्या छातीत दाटून आले, डाव्या हाताला मुंग्या आल्या, घाम फुटला. घरी येऊन ओव्याचे पाणी प्याले. आठ वाजता जवळच्या दवाखान्यात अॅसिडिटीचे इंजेक्शन घेतले. अकराच्या सुमारास तालुक्याच्या ठिकाणी पहिला ईसीजी निघाला आणि मग धावपळ सुरू झाली. गाडी मिळवून, घाट चढून, पलीकडच्या एका शहरातल्या खासगी रुग्णालयात पोहोचेपर्यंत असर झाली होती. तिथे ७५ हजार अनामत मागितली. कुवेतला ड्रायव्हर असलेल्या मुलाने मालकाकडून उचल घेतली, बाकीचे आपल्या ग्रुपवर जमले. रात्री अँजिओप्लास्टी झाली. बिल १ लाख ९० हजार. दोन दिवसांत तेवढे जमलेही. आम्हाला त्या वेळी आपल्या लोकांचा मोठा अभिमान वाटला होता.

तिसऱ्या दिवशी आमच्या शाळेचे लिपिक भेटायला गेले. तळमजल्यावर, लिफ्टच्या मागच्या बाजूला, त्यांना एक टेबल दिसले. वर पाटी होती, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. म्हणजे रुग्णालय योजनेत होते. चाचांकडे रेशनकार्डही होते, पण ते गावी कपाटात. चौकशी केली तर उत्तर मिळाले की आता कॅश पेशंट म्हणून नोंद झाली आहे, आधी सांगायला हवे होते. दाखल करताना आपल्यापैकी कुणी विचारले नाही, त्यांच्यापैकी कुणी सांगितले नाही.

गोष्ट इथे संपली असती तर पैशांचे नुकसान म्हणून सोडून दिले असते. पण चार महिन्यांनी चाचा मशिदीच्या पायरीवर दम लागून बसलेले दिसले. हृदयाचा एक भाग त्या सकाळीच निकामी झाला होता, हे डॉक्टरांनी आधी सांगितलेच होते. आम्ही गोळ्यांचे विचारले. म्हणाले, "सर, महिना झाला बंद केल्या. जमातीने एवढं केलं, आता गोळ्यांसाठी परत कुठल्या तोंडाने मागू?"

एक लाख नव्वद हजार देणाऱ्या समाजात महिन्याच्या गोळ्या मागायला माणसाला लाज वाटली.

आता थोडे शरीरशास्त्र, शिक्षकाची खोड म्हणून. हार्ट अटॅकच्या मोठ्या प्रकारात हृदयाला रक्त देणारी वाहिनी गुठळीने पूर्ण बंद होते. तिच्यावर जगणारा हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाने मरू लागतो आणि मेलेला स्नायू नंतर कोणताही स्टेंट परत आणू शकत नाही. त्यामुळे वाहिनी किती लवकर उघडली, यावर पुढचे सगळे ठरते. जवळ कॅथलॅब असेल तर सरळ अँजिओप्लास्टी. ईसीजीवर निदान झाल्यापासून दोन तासांत ती होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथल्या तिथे, शक्य तितक्या लवकर द्यायचे आणि मग रुग्णाला मोठ्या ठिकाणी हलवायचे, तिथे पुढच्या २४ तासांत अँजिओग्राफी करायची, अशी जगभर मान्य झालेली पद्धत आहे. काही रुग्णांना, म्हणजे नुकताच मेंदूत रक्तस्राव झालेला असेल अशांना, ते इंजेक्शन देता येत नाही. तो निर्णय डॉक्टरांचा.

कोकणाला ही दुसरी पद्धत किती लागू पडते ते नकाशा बघितला की कळते. रत्नागिरीहून कोल्हापूर १३० किलोमीटरच्या आसपास, मध्ये आंबा घाट. चिपळूणहून कराड, मध्ये कुंभार्ली. मुंबई सव्वातीनशे किलोमीटरहून जास्त आणि तो रस्ता २०११ पासून चौपदरी होतोच आहे. सिंधुदुर्गाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या बांबोळीला गोमेकॉत जातात, तिथे २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झाले तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडीत केवढा गहजब झाला होता ते आठवत असेल. त्याच गोव्याने पुढे लहान केंद्रांना ईसीजीच्या यंत्रांनी गोमेकॉशी जोडले. खेड्यातल्या केंद्रात ईसीजी काढायचा, तज्ज्ञाने तिकडून तो वाचायचा, गरज असेल तर इंजेक्शन तिथेच, मोफत. महाराष्ट्रातही काही जिल्ह्यांत अशी जोडणी सुरू झाली आहे. आपल्या तालुक्यात ती आहे का, ग्रामीण रुग्णालयात इंजेक्शन शिल्लक असते का, रात्री ईसीजी काढणारा कुणी असतो का, हे विचारायला जमातीचे चार जाणते लोक अधीक्षकांकडे गेले आहेत, असे आम्ही तरी ऐकलेले नाही. मशिदीच्या वीजबिलासाठी मात्र आपण महावितरणच्या पायऱ्या झिजवतो.

बारा लीडचे ईसीजी यंत्र मोटारसायकलीपेक्षा कमी किमतीत येते. पण नुसते यंत्र देऊन भागत नाही. कागदाचे रोल लागतात, काढणारा माणूस लागतो, वाचणारा डॉक्टर फोनवर लागतो. कॅथलॅबची तर गोष्टच वेगळी, काही कोटींचा मामला आणि नंतर तंत्रज्ञ, हृदयरोगतज्ज्ञ, देखभाल करार यांचा दरवर्षीचा खर्च. 'आपल्या कौमचे हार्ट हॉस्पिटल' असा ठराव एखाद्या जलशात टाळ्यांच्या गजरात पास होतो, तेव्हा हा दरवर्षीचा खर्च कुणीही बोलून दाखवत नाही. त्यापेक्षा आहे ते पाहावे. चिपळूण तालुक्यात डेरवणला, अगदी खेड्यात, एका ट्रस्टने वालावलकर रुग्णालय उभे केले आणि हृदयाचे उपचार तिथपर्यंत नेले. तिथल्या वॉर्डात आपल्या मोहल्ल्यातले लोक दिसतात. त्या रुग्णाच्या नातेवाइकांना राहायला जागा, दोन वेळचे जेवण, परतीची गाडी एवढे जरी जमातींनी आपसात वाटून घेतले तरी ते नवीन इमारतीपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आता पैशांचा मुद्दा. रुग्णाचा जो हक्क आहे तो आधी वसूल झाला पाहिजे, चंद्याचा नंबर त्यानंतर. फुले योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने काही जिल्ह्यांत सुरू झाली. १ जुलै २०२४ पासून ती केंद्राच्या आयुष्मान योजनेशी जोडून राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू झाली, कार्ड पांढरे असले तरी. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण. अँजिओप्लास्टी, बायपास, झडप बदलणे हे सगळे यादीत आहे. अट एकच, रुग्णालय योजनेत असले पाहिजे आणि नोंद आरोग्यमित्राकडे सुरुवातीलाच झाली पाहिजे. तातडीचा रुग्ण असेल तर कागद मागाहून देण्याची सोय आहे. हेल्पलाइन १५५३८८.

हे लिहिताना आम्हाला दुसरी बाजूही दिसते. योजनेचे दर परवडत नाहीत म्हणून अनेक चांगली रुग्णालये तिच्यात येत नाहीत. येतात त्यांतली काही 'हे योजनेत बसत नाही, एवढे वेगळे भरा' म्हणतात. अशा वेळी घाबरलेला मुलगा वाद घालू शकत नाही. त्याच्या बाजूने बोलणारा, शांत डोक्याचा आणि कागद वाचता येणारा एक माणूस सोबत असणे, ही सुद्धा मदतच आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. आपल्याकडे निवृत्त शिक्षक, बँकेतले लोक, वकील काय कमी आहेत?

धर्मादाय रुग्णालयांबाबतही तेच. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१ कक खाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. इतर रुग्णांच्या बिलाचे २ टक्के वेगळ्या निधीत जमा होतात, ते याच कामासाठी. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवता येत नाही. राज्यात अशी चारशेहून अधिक रुग्णालये आहेत, पण त्यांतली बहुतेक मुंबई-पुण्याच्या बाजूला. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयावर गर्भवती महिलेकडे दहा लाख अनामत मागितल्याचा आरोप झाला, तिचा मृत्यू झाला होता, तेव्हा कुठे हा नियम घराघरात पोहोचला. तोपर्यंत आपल्यापैकी किती जणांना तो माहीत होता? उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून मिळायला वेळ लागतो आणि माणूस आजारी पडल्यावर त्यासाठी धावणे अशक्य असते. म्हणून ज्या घरात शुगर-बीपीचा रुग्ण आहे, त्या घराने तो आधीच काढून ठेवावा. रेशनकार्डात सुनांची, नातवंडांची नावे चढली आहेत का, आधारवरचे स्पेलिंग जुळते का, तेही बघावे. 'शेख' आणि 'शैख' यांत अडकलेली फाइल आम्ही स्वतः पाहिली आहे.

स्टेंटबद्दलचा एक गैरसमज अजून टिकून आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. ज्या औषधी लेपाच्या स्टेंटला लाखाहून जास्त मोजावे लागत होते, तो ३० हजारांच्या आत आला. तरीही 'स्टेंटच दीड लाखाची आहे' असे सांगून चंदा मागितला जातो. बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवावी लागते. पैसे पाठवण्याआधी ते पान मागून घेण्यात कुणाचा अविश्वास नाही. दुसऱ्याची जकात आपल्या हातात आहे, म्हणून विचारायचे.

जकातीचा विषय निघालाच आहे तर तोही बोलून घेऊ. बहुतेक उलेमांचे म्हणणे असे की जकात हकदार व्यक्तीच्या मालकीत गेली पाहिजे. म्हणून यंत्र, रुग्णवाहिका, इमारत यांवर ती लावण्यात अडचण येते. त्यासाठी सदका, लिल्लाह, वक्फ हे मार्ग आहेत. पण गोळ्या? गरीब रुग्णाच्या हातात दिलेल्या गोळ्या किंवा त्यासाठीचे पैसे थेट त्याच्याच मालकीचे होतात. तसेच कर्जदाराचे. कुरआनात जकातीचे जे आठ हकदार सांगितले आहेत, त्यांत कर्जात बुडालेला माणूस आहे. आईच्या बायपाससाठी दागिने गहाण ठेवून तीन वर्षे व्याजाच्या चक्रात फिरणारे कुटुंब आपल्या गल्लीत असते, पण ते कधीच मेसेज टाकत नाही, कारण आई आता बरी आहे. तपशील आपापल्या मुफ्तीसाहेबांना जरूर विचारावा. कोकणात आपण बहुतेक शाफई, देशावरून आलेले शेजारी हनफी, काही बारकावे वेगळे निघू शकतात. विचारावे मात्र शाबानमध्ये. सत्ताविसाव्या रात्री मुफ्तीसाहेबांच्या फोनवर रांग लागलेली असते.

अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर आणि त्यांतली एक सहसा कायमची, सोबत कोलेस्टेरॉलची, बीपीची. मनाने बंद केल्या तर बसवलेल्या स्टेंटमध्येच पुन्हा गुठळी होऊ शकते. म्हणजे पहिले दोन लाखही गेले आणि माणूसही. जनऔषधी केंद्रात या गोळ्या बऱ्याच स्वस्त मिळतात, काही सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात. दोन लाखांच्या एका मेसेजच्या रकमेत कितीतरी रुग्णांचे वर्षाचे औषध निघेल.

हृदयाचे निदान मेसेज तरी येतात. पायाच्या रक्तवाहिन्यांसाठी तेही येत नाहीत. वर्षानुवर्षे शुगर असलेल्या माणसाच्या पायाला चप्पल चावते, जखम भरत नाही, बोट काळे पडते. आत वाहिनी अरुंद झालेली असते. डॉपलर तपासणी वेळेत झाली आणि रक्तवाहिन्यांच्या सर्जनने वाहिनी उघडली, तर बऱ्याच वेळा पाय वाचतो. पण असे सर्जन मोठ्या शहरांत, आणि इथून 'एवढ्याशा जखमेसाठी' मुंबईला कोण जातो? बिडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुण पुरुषांत पायाच्या वाहिन्या बंद पडण्याचा बर्जर नावाचा एक वेगळाच आजार असतो. आमच्या खाला आयुष्यभर मिश्री लावत आल्या, त्यांना तंबाखू म्हटले की राग येतो, 'मी कुठे तंबाखू खाते?' पाय कापल्यावर जमात व्हीलचेअर देते, फोटोही येतो. डॉपलरच्या पैशांसाठी अजून कुणी फोटो काढलेला नाही. डायलिसिसच्या रुग्णाच्या हातावर जो फिस्टुला करतात, तेही रक्तवाहिनीचेच काम. त्या एका छोट्या शस्त्रक्रियेसाठी लोक तारखा घेत फिरतात.

आणि बायका. बाईला कधीकधी छातीत दुखण्याऐवजी जबडा दुखतो, पाठ दुखते, नुसता दम लागतो, मळमळते, शुगर असेल तर कधी दुखणे जाणवतही नाही. 'थकली असेल' म्हणून तिचा ईसीजी पुरुषापेक्षाही उशिरा निघतो. आमच्याकडे आलेल्या मेसेजांत बाईचे नाव क्वचित असते. बायकांना हा आजार कमी होतो म्हणून तसे असेल, असे आम्हाला वाटत नाही.

शाळेत असल्यामुळे मुलांचे तेवढे जवळून दिसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी वर्षातून एकदा शाळेत येते. २०१३ पासून हे चालू आहे. डॉक्टर छातीला नळी लावतात, हृदयात आवाज आला तर पुढे पाठवतात आणि अठरा वर्षांपर्यंतच्या मुलाची शस्त्रक्रिया त्यातून मोफत होते. खारघरला सत्यसाई संजीवनी हे मुलांच्या हृदयाचे रुग्णालय आहे, तिथे पैसेच घेत नाहीत आणि धर्मही विचारत नाहीत. तरी दोन वर्षांपूर्वी आमच्या पाचवीतल्या एका मुलीची फाइल सात महिने घरीच पडून होती. वडील सौदीत, आजी म्हणे मुलीच्या छातीवर व्रण राहिला तर लग्न कोण करेल. आम्ही आणि मशिदीचे इमामसाहेब दोघे मिळून तीनदा घरी गेलो. मुलगी आता सातवीत आहे, पळते. त्यात खर्च झाला तो एवढाच: एसटीचे तिकीट, आईच्या चार दिवसांच्या बुडालेल्या शिवणकामाचे पैसे आणि आमची तीन संध्याकाळची चहा-बिस्किटे.

हे सगळे मागच्या जुम्म्याला आम्ही मोहल्ला कमिटीपुढे मांडले. प्रस्ताव साधा होता. यंदाच्या सदका-लिल्लाहमधून एक ईसीजी यंत्र रात्री उघडा असणाऱ्या दवाखान्यात ठेवायचे आणि वाचून सांगणाऱ्या डॉक्टरांशी आधी बोलून घ्यायचे. जकातीतून बारा रुग्णांच्या वर्षभराच्या गोळ्या, नावे गुप्त. आणि प्रत्येक मोठ्या मेसेजआधी दोन माणसांनी रुग्णालयात जाऊन योजनेचे टेबल शोधायचे. एका बुजुर्गांनी विचारले, यंत्रावर नाव कुणाचे टाकणार? दुसऱ्यांनी हरकत घेतली की गोळ्यांना पैसे दिले आणि उद्या आयसीयूचा मेसेज आला तर पेटीत काय उरणार? पहिल्या प्रश्नावर हसणे झाले. दुसरा प्रश्न रास्त आहे आणि आमच्याकडे त्याचे पूर्ण उत्तर नाही. आयसीयूतला माणूस समोर दिसतो, त्याला नाही म्हणता येत नाही आणि म्हणूही नये. आम्ही एवढेच म्हटले की पेटीचा चौथा हिस्सा आधी बाजूला काढू, वर्षभर करून बघू, हिशेब नोटीस बोर्डावर लावू.

निर्णय पुढच्या बैठकीवर गेला आहे, ती तरावीह सुरू होण्याआधी व्हायची आहे. तोपर्यंत चाचांच्या गोळ्या आम्ही तिघे शिक्षक मिळून आणतो. चालू पट्टी येत्या मंगळवारी संपते.